बाहुलीची मान आणि आईची पाठ

खोटं कशाला बोलू? गाडीच्या कामात आईचं नाव मी नंतर घातलं. आधी नुसती माझी हौस होती.

तेव्हा मी तंजावूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवायचो. उदारीकरणाची वर्षं होती. दर दोन-चार महिन्यांनी रस्त्यावर कुठली तरी नवी गाडी दिसायची आणि स्टाफरूममध्ये आठवडाभर तिचीच चर्चा. घरात केबल आलं होतं, आणि रविवारी दुपारी त्यावर मोटारींच्या शर्यती दाखवायचे. त्या गाड्या वळणावर जराही कलायच्या नाहीत. माझी कलायची. माझी गाडी लाल, बुटकी, दोन दारांची, माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान. पहिल्या मालकाला म्हातारपणी तिच्यात वाकून शिरता येईना, म्हणून त्यानं ती मला जवळजवळ फुकटात दिली होती. उभी असली तरी धावतेय असं वाटावं अशी तिची ठेवण. पण वळण आलं की पेंढ्यानं भरलेल्या बैलगाडीसारखी एका अंगावर झुकायची.

ती का झुकते, हे मला फळ्यावर काढून दाखवता येत होतं. सहा वर्षं तेच काढत होतो. पण खरी स्प्रिंग हातात घेऊन कापली तर काय होतं, मागच्या पाट्यात, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगेत, एक पट्टी वाढवली तर काय होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ते पाहायचं वेड लागलं. मास्तर माणसाला असलं वेड लागलं की तो त्याला अभ्यास म्हणतो.

घरात आई आणि मी, दोघंच. आणि आईचा एक मोठा घोर होता, तिची थोरली बहीण. मावशी तिरुवैयारूला राहायची. आमच्या घरापासून तेरा किलोमीटर, मध्ये पाच नद्या आणि पाच पूल. वर्षानुवर्षं आई दर शुक्रवारी बसनं तिच्याकडे जायची. दोघी दिवसभर मराठीत बोलायच्या. आमचं ते जुनं मराठी, ज्याला पुण्याकडचे पाहुणे तोंडावर हात ठेवून हसतात, ते इतक्या भरभरून बोलणारं आईला दुसरं कोणी उरलं नव्हतं. माझ्याशी बोलताना तिसऱ्या वाक्याला तमिळ यायचं, तो दोष माझा.

तर एका शुक्रवारी जेवताना आई सहज म्हणून गेली, "अक्का, तुझ्या हाताची चव गेली गं." पचडीत मीठ जास्त झालं होतं, एवढंच. मावशीनं पचडीचं भांडं उचलून बाजूला ठेवलं. आणि पुढच्याच सोमवारी आमच्या न्हाणीत आई घसरली. मणक्याची चकती सरकली. डॉक्टरांनी बस बंद केली. धक्का म्हणून बसू द्यायचा नाही, म्हणाले.

आता मावशीच्या बाजूनं बघा. चव गेली म्हणाली आणि त्या दिवसापासून आलीच नाही! मावशीला अगदी जवळ बसून मोठ्यानं बोललं तरच ऐकू यायचं, तेव्हा फोनचा उपयोग शून्य. आईनं तमिळ अक्षरांत मराठी पत्र लिहिलं, आमच्यात तसंच लिहितात. त्याला उत्तर नाही. मी मोपेडवर जाऊन मावशीच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आईची पाठ धरलीय!" मावशीनं कापी, म्हणजे आमची कॉफी, पुढे केली आणि म्हणाली, "हो, असेल." त्या 'असेल'मध्ये सगळं आलं. तिचे गुडघे गेलेले, ती ओट्याच्या, म्हणजे आमच्या तिण्णैच्या, पायऱ्यासुद्धा उतरत नसे. म्हणजे जायचं ते आईनंच. आणि आई पलंगावर पडून एकच म्हणायची, "अक्का मजवर रुसूनच मरेल रे."

इथे मी आईचं नाव गाडीत घातलं. "आई, मी गाडी अशी करतो की तुला पोटातलं पाणी हललेलं कळणार नाही." टॅक्सी का नाही केली? सुचली होती, नाही असं नाही. चांगली मोठी, मऊ टॅक्सी बस स्टँडपाशी उभी असायची. पण घरात गाडी असताना टॅक्सी, असं म्हणून मी तो विचार बाजूला सारला. हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेचं मोल मी आईकडून घेतलं.

माझा मेस्त्री लॉरीस्टँडमागे एका चिंचेखाली बसायचा. साठीचा, बारीक, तोंडात कायम पान. त्याला मी माझा बेत सांगितला. परदेशी सामान परवडणारं नव्हतंच. तेव्हा पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा करवतीनं कापायचा, मागच्या आडव्या पाट्यात एक पट्टी जास्त घालायची, आणि मद्रासला पुदुपेटच्या जुन्या बाजारातून मी शोधून आणलेले एका व्हॅनचे दणकट शॉकअप बसवायचे.

"सार, कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"आईसाठी."

त्यानं पान दुसऱ्या गालात घेतलं आणि करवत आणायला उठला.

करवत चालली तेव्हा मी उकिडवा बसून बघत होतो. काय मजा असते बघा! स्प्रिंग कापली की ती अर्धवट, दुबळी होईल असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. ती ताठ होते. तोच भार आता कमी वेढ्यांनी पेलायचा असतो, त्यामुळे प्रत्येक वेढा हट्टानं उभा राहतो. हे मी शंभर वेळा शिकवलं होतं, पण कापलेल्या स्प्रिंगवर मेस्त्री स्वतः उभा राहिला आणि ती इंचभरही दबली नाही, तेव्हा मला लहान पोरासारख्या टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गाडी आणखी बुटकी झाली. आणखी देखणी दिसायला लागली.

सुधारणा झाली हे मोजायचं कसं, हा प्रश्न मला करवत लावायच्या आधीच पडला होता. माझ्याकडे यंत्रं नव्हती. मग मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला इतका अभिमान वाटला की आजही सांगताना कान गरम होतात. आमच्या गावची मान डोलावणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल. लगद्याची नाचरी बाई, मान वेगळी, धड वेगळं, कंबर वेगळी, एकावर एक तारेवर टेकवलेली. टिचकी मारली की बराच वेळ डुलत राहते. आमची एक होती, नवरात्रात कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायरीवर मांडायची. आई म्हणाली, "अरे, कोलूची बाहुली पेटीतून अशी मध्येच काढायची नसते." मी म्हटलं, "आई, विज्ञानाला नवरात्र नसतं." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाहुली मेणानं काचेमागच्या फळीवर चिकटवली. काम सुरू करायच्या आधीच मी कालव्याच्या पुलाच्या उंचवट्यावरून ठरलेल्या वेगानं गाडी नेली होती आणि मान किती वेळा डुलते ते मोजलं होतं. एकोणीस वेळा. स्प्रिंगा कापून, पाटे भरून, शॉकअप लावून त्याच उंचवट्यावरून गेलो. तीन! बाहुली तीनदा हो म्हणाली आणि दगडासारखी स्थिर. मी परत वळवली, परत गेलो. तीनच. आणि वळणावर तर काय सांगू, गाडी रस्त्याला गोंद लावल्यासारखी गेली. मी एकटाच मोठमोठ्यानं हसलो.

मेस्त्रीला वही दाखवली. तो म्हणाला, "बाहुलीला पाठ असते का, सार?"

मला राग आला. याला काय कळतंय, दहावी नापास माणूस, असं मनात आलं. हो, आलं. ते लपवून काय उपयोग?

पुढच्या शुक्रवारी आईला घेऊन निघालो. पाच महिन्यांनी ती उंबऱ्याबाहेर पडत होती. नवं लुगडं नेसली, मावशीसाठी फुलं घेतली, आणि माझ्या शेजारच्या सीटवर हळूहळू, एक हात दारावर एक माझ्या खांद्यावर ठेवून बसली. सीट खोल होती. बसल्यावर ती मुलीएवढी दिसत होती.

पाच पूल आणि प्रत्येक पुलाच्या दोन्ही तोंडांशी रस्ता आणि पूल यांच्यामध्ये एक ओठ. म्हणजे दहा दणके. पहिल्या पुलाला मी बाहुलीकडे बघितलं. तीन. दुसऱ्याला तीन.

"आई, कसं वाटतंय?"

"बरं आहे."

"बाहुली बघ ना!"

"बघते आहे की."

तिसऱ्या पुलानंतर ती काही बोललीच नाही. मला वाटलं, नदीकडे बघतेय. कावेरीला पाणी सोडलं होतं, दोन्ही बाजूंना भाताची रोपं लागत होती, हवा कशी छान होती. मी शीळ घालत होतो.

मावशीच्या दाराशी गाडी थांबवली. मावशी तिण्णैवर बसलेली, आम्ही येणार हे मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. वेणीत फूल, स्वच्छ लुगडं. तिचा चेहरा बघून मला भरून आलं, कारण ती रुसलेली दिसत नव्हती, वाट बघत असलेली दिसत होती. मी पलीकडे जाऊन आईचं दार उघडलं. आईनं एक पाय बाहेर ठेवला आणि थांबली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"थांब जरा," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नाही रे. उठवत नाही."

मी काखेत हात घालून उठवायला गेलो तर तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मी हात काढून घेतले.

"ये की गं," मावशी वरून म्हणाली.

"अक्का, उतरवत नाही गं!" आई ओरडली. ओरडायला सुद्धा श्वास पुरेना. मावशीनं कानामागे हात धरला. दोघींच्या मध्ये दहा पावलं होती. एकीला उतरता येत नव्हतं, दुसरीलाही येत नव्हतं. मी धावत वर गेलो, मावशीच्या कानाशी ओरडलो, "पाठीत कळ आलीय, उठता येत नाही!"

मावशीनं चकाकणाऱ्या लाल गाडीकडे पाहिलं. आत बसलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"गाडीत बसायला पाठ आहे, उतरायला नाही होय?"

मग तिनं आतून कापी मागवली आणि कामवाल्या बाईच्या हाती खाली गाडीत पाठवली. सख्ख्या बहिणीला, परक्या माणसाला पाठवतात तशी. आणि भिंतीला धरून, आमच्याकडे पाठ करून आत गेली. आईनं ती कापी प्यायली. सगळी. पेला बाईच्या हातात परत देताना फुलंही दिली.

परतीच्या वाटेवर आई एकच शब्द बोलली, "हळू." त्यानंतर तीन आठवडे ती कुशीवर वळूसुद्धा शकली नाही. मला लाज वाटली, नुसती लाज नाही, स्वतःचा संताप आला, आणि संताप आला की मी दुसऱ्यावर काढतो. "तिथंच बोलायचं नाही का?" मी तिच्यावरच खेकसलो. "बरं आहे, बरं आहे काय म्हणत होतीस?"

आई म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तू गाडी वळवली असतीस. मला जायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रीकडे गेलो. मान खाली घालूनच. त्यानं नुसती किल्ली मागितली आणि तो स्टिअरिंगवर बसला. मी शेजारी बसलो. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत मी आईच्या जागेवर एकदाही बसलो नव्हतो! स्टिअरिंग धरलेल्या माणसाला दणका येणार हे आधी कळतं, त्याचं अंग आपोआप सावरतं. शेजारच्याला फक्त दणका मिळतो. पहिल्याच पुलाला माझे दात एकमेकांवर आपटले. कण्याच्या तळापासून टाळूपर्यंत कुणीतरी हातोडी मारल्यासारखं झालं. बाहुली मात्र शांत. तीन.

हे असं का, याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना, माझा स्वभावच तसा मेला. झोपाळा असतो ना, त्याला सावकाश झोके दिले तर तो उंच जातो. तोच हातानं भराभर, बारीक बारीक हलवला तर तो जागचा हलत नाही, नुसता थरथरतो. बाहुलीची मान म्हणजे तसा झोपाळा. गाडी मऊ असताना सावकाश वरखाली व्हायची, तेव्हा मान तिच्याबरोबर डुलायची. गाडी ताठ झाली, धक्के आखूड आणि जोराचे झाले, ते मानेला कळेनासेच झाले. ते आईच्या मणक्याला कळत होते. मी बाहुलीला सुख होईल अशी गाडी बांधली होती.

सगळं उलटं फिरवायचं ठरलं. जादाची पट्टी काढली, जुने थकलेले शॉकअप परत लावले. पण कापलेली स्प्रिंग काही वाढत नाही. तसल्या जुन्या स्प्रिंगा कुठे मिळणार? पुदुपेटला दोन चकरा झाल्या, हात हलवत परतलो. शेवटी मेस्त्रीलाच आठवलं, कालव्यापलीकडच्या एका गावात असलीच गाडी नारळीच्या बागेत उभी आहे.

होती. रंग उडालेली, खिडक्यांना जाळ्या मारलेली, आणि आत कोंबड्या. मालक आजोबा खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आईच्या पाठीबद्दल दोनदा विचारलं, आणि म्हणाले, "स्प्रिंगा खुशाल न्या. फक्त ड्रायव्हरच्या सीटवर एक अंड्यांवर बसलीय, तिला उठवू नका."

आयुष्यात मी इतक्या हळू जॅक कधी चढवला नाही. अर्धा फेरा, थांबायचं, खिडकीतून बघायचं. कोंबडी एका डोळ्यानं आमच्याकडे बघत होती. गाडीच्या सांगाड्याखाली विटा रचून, कोंबड्यांची जमीन सपाट ठेवून आम्ही दोन्ही स्प्रिंगा सोडवल्या. पंचवीस-तीस वर्षं वाकून वाकून त्या अगदी मवाळ झालेल्या. मेस्त्रीनं त्यातली एक तळव्यानं दाबून बघितली आणि पहिल्यांदा खूश झाला.

त्या बसवल्या तेव्हा गाडी परत जुन्यासारखी लोळायला लागली, किंबहुना जास्तच. शर्यतीचं स्वप्न संपलं. सीटखाली लाकडी ठोकळे घालून ती उंच केली, चाकांतली हवा थोडी कमी केली. मग मेस्त्री चालवायचा आणि मी आईच्या जागेवर, पाचही पूल, जाऊन येऊन. चारदा. प्रत्येक ओठावर किती वेगानं गेलं की कणा गप्प राहतो ते मी पाठीनं शिकलो.

तोवर आईला पडून आठ महिने झाले होते. मी आता स्वतःच टॅक्सीचं नाव काढलं. आईनं ऐकलं नाही. "टॅक्सीतून उतरले तर अक्का म्हणेल, लेकाच्या गाडीतून उतरायची लाज वाटते."

निघालो. तेरा किलोमीटरला पाऊण तासाच्या वर लागला. मोपेडवाले पुढे गेले, गवताचा भारा लादलेला एक सायकलवाला पुढे गेला आणि वळून लाल गाडीकडे बघून हसला. प्रत्येक पुलाशी मी जवळजवळ थांबायचो, पुढची चाकं चढवायचो, मग मागची. कसं वाटतंय असं मी एकदाही विचारलं नाही. तिच्या हाताकडे बघत राहिलो. दाराची कडी तिनं धरली होती, पण बोटं पांढरी पडली नव्हती.

मावशी आज तिण्णैवर नव्हती. आई उतरली. स्वतः उतरली, एका हातानं गाडीचं छप्पर धरून. चार पायऱ्या चढली, मध्ये दोनदा थांबली. आत गेली.

मावशी मधल्या खोलीत भिंतीला टेकून चटईवर बसली होती. तिनं वर बघितलं. "आता बरी झाली वाटतं पाठ."

 आईला तेवढा वेळ उभं राहवेना. ती हळूच भुईवर टेकली आणि तिथंच, मावशीच्या शेजारी, चटईवर कुशीवर झाली, तोंड भिंतीकडे.  मग मावशीनं हात पुढे केला. रागानंच, पदर सारखा करायला असेल. हात पाठीवर पडला आणि लुगड्याखालच्या जाड पट्ट्याला लागला. कमरेपासून बरगड्यांपर्यंत आवळलेला पट्टा. मावशीची बोटं पट्ट्याच्या कडेकडेनं वर सरकत गेली, जिथे पट्टा संपून नुसती हाडं होती तिथे थांबली.

"किती दिवस गं?" मावशी म्हणाली.

आईनं भिंतीकडे तोंड ठेवूनच आठ बोटं दाखवली. "महिने," मी मोठ्यानं सांगितलं.

मावशीचा हात पाठीवरून हलला नाही. तिचं नाक लाल झालं, आणि तिनं ते दंडाला पुसलं. मग मान वळवून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि जन्मात कधी बोलली नव्हती इतक्या जोरात माझ्यावर ओरडली, "आणि इतके दिवस तू काय करत होतास रे?"

"गाडी नीट करत होतो," मी म्हणालो. तिला ऐकू आलं नाही. मी ते पुन्हा सांगितलं नाही.